पुरस्कार मिळाला, ट्रे सुटला नाही

मंडळी, दुपारी आमच्या विद्यापीठात पुरस्कार समारंभ झाला. अजून राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

ग्रंथालयातल्या सुषमाताईंना यंदा उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार होता. त्यांची लेक फोटो काढायला नोएडाच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

मंचावर स्मृतिचिन्हांचा ट्रे दरवर्षी सुषमाताईच धरतात. आजही त्यांनाच उभं केलं. पुरस्कार मिळालेले प्राध्यापक मात्र पहिल्या रांगेत सोफ्यावर होते.

ताईंचं नाव पुकारलं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि पाहुण्यांच्या हातून स्मृतिचिन्ह घेतलं. टाळ्या चालू असतानाच संयोजक खालून ओरडले, "मॅडम, ट्रे! जल्दी, अगला नाम है."

ताईंनी आपलं स्मृतिचिन्ह टेबलाखाली सरकवलं आणि ट्रे उचलला. लेकीने वर धरलेला मोबाईल खाली घेतला. फोटो राहूनच गेला.

कार्यक्रम संपल्यावर मी संयोजकांना गाठलं. ते हसले. "अरे यार मॅडम, इतनी सी बात! उनको आदत है."

ताईंना म्हटलं, "नाही म्हणायचं होतंत."

"अगं, पुढची मंडळी खोळंबली असती."

लेक म्हणाली, "आणि तू खोळंबलीस ते चालतं, आई?"

ताई टेबलाखालचं स्मृतिचिन्ह काढायला वाकल्या.

तुमच्या कॉलेजात हा ट्रे कोण धरतं? आणि त्यांचंच नाव पुकारलं, तर त्यांच्या हातून ट्रे घ्यायला खुर्चीवरून कोण उठतं?