धनसुखभाईंच्या पाइपाची खोळ

वढवाणच्या भांडीबाजारात भर दुपारी 'टण्ण' असा आवाज झाला की समोरचा शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "लागला धनसुखभाईंचा डोळा." आवाज पितळी घंघाळाचा. धनसुखभाई शाह आपल्या तांब्यापितळेच्या दुकानात गादीवर बसत, बसल्याबसल्या पेंगत, आणि डोकं उजवीकडे कलंडलं की शेजारच्या घंघाळावर आपटे. त्यांच्या बायकोने, तरुलताबेनने, ते घंघाळ उचलून मागे नेऊन ठेवलं. तर हा माणूस डावीकडे कलंडायला लागला. तिकडे हंडे होते.

बाजाराला फुकटची करमणूक झाली. एका बाईने कळशी पसंत केली, भाव विचारला, उत्तर येईना म्हणून बघते तर मालक ध्यानस्थ! पोरंसोरं लांबून नमस्कार करून जात. धनसुखभाईही त्यांच्यात हसत. दुकानात हसं झालं तर झालं, त्यात काय मोठंसं, असा त्यांचा स्वभाव.

उपाश्रयातलं, जैन साधूंच्या वस्तीच्या जागेतलं हसं मात्र त्यांच्या फार जिवाला लागलं होतं.

पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला मोठं प्रतिक्रमण असतं. वर्षभरात कळत-नकळत केलेल्या चुकांची सगळ्या जिवांकडे क्षमा मागायची, तीन-तीन तास लोकरीच्या कटासण्यावर बसून. त्यात अजितशांती येते. लांबलचक स्तोत्र, कडवं बदललं की चाल बदलते, श्वास पुरवून पुरवून म्हणावं लागतं. ती म्हणायचा आदेश धनसुखभाईंच्या बापुजींना मिळायचा, आणि बापुजी गेल्यावर धनसुखभाईंना. माणूस दिसायला जाडजूड, मान तर नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. पण अजितशांती म्हणायला लागला की शेजारच्या बायकांच्या उपाश्रयातसुद्धा कुजबुज थांबे. भांडी विकणाऱ्या माणसाचं सबंध वर्षातलं तेवढंच काय ते मोठेपण.

आणि तीन वर्षांपूर्वी, अर्ध्या कडव्यात, तो आवाज थांबला. सगळ्यांना वाटलं, गळा भरून आला. मग जो आवाज आला तो भक्तीचा नव्हता. धनसुखभाई चक्क घोरत होते! महाराजसाहेब गप्प, संघ गप्प, आणि भिंतीपलीकडे बायका तोंडात पदर कोंबून हसताहेत. त्यांच्यातच बसलेल्या तरुलताबेनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढचं कडवं भोगीलालभाईंनी उचललं. हे भोगीलालभाई किराणावाले, अंगाने धनसुखभाईंच्याच मापाचे, जिभेला हाड नसलेले. त्या वर्षापासून आदेश त्यांना मिळू लागला, आणि भेटेल तिथे ते विचारू लागले, "काय धनसुखभाई, झोप झाली का?"

धनसुखभाईंनी सगळं करून पाहिलं. डोळ्यांना पाणी लावलं, लवंग चावली, दुपारचं जेवण सोडलं. रात्री लवकर आडवे झाले. जितके जास्त झोपत तितके जास्त पेंगत. शेवटी मनातल्या मनात ते स्वतःला आळशी म्हणायला लागले, आणि ते फार वाईट असतं.

पुढे राजकोटला लेकीकडे मुक्कामाला गेले, तेव्हा जिज्ञासाने पहिल्याच रात्री बापाचं घोरणं ऐकलं. घोरण्याने ती घाबरली नाही, ते तर माहेरचंच. मधूनमधून ते थांबत होतं, श्वासासकट, त्याने घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना झोपेच्या डॉक्टरांकडे नेलं. अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं, आणि सकाळी डॉक्टर म्हणाले, "काका, झोपेत तुमचा घसा मिटतो. श्वास अडला की मेंदू तुम्हाला दचकवून उठवतो. रात्रभर हेच चालतं. तुम्ही झोपता कुठे? नुसते पडून असता."

"म्हणजे मी आळशी नाही?" धनसुखभाईंनी विचारलं.

"छे हो! आजार आहे हा."

रिक्षात बसल्यावर त्यांनी लेकीला तीनदा विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले ते.

तर असं ते मशीन घरी आलं. सीपॅप म्हणतात त्याला. डबा, डब्याला पाइप, पाइपाला मास्क. मास्क नाकातोंडावर बांधायचा आणि मशीन रात्रभर हवा फुंकून घसा उघडा ठेवणार. हवेने नाक कोरडं पडू नये म्हणून डब्याच्या कुशीत पाण्याची लहानशी टाकी. लावून द्यायला दक्षाबेन परमार आल्या होत्या, फटकळ बाई. त्यांनी पट्टे आवळले, बटण दाबलं, आणि धनसुखभाईंचे गाल फुग्यासारखे फुगले.

"तोंड मिटा, काका. हवेशी भांडू नका. ती येतेय तर येऊ द्या."

"अहो, ही तर सोंड आहे सोंड!" तरुलताबेन हसून हसून भिंतीला टेकली. "नातवाला दाखवते, हत्तीवर बसायचा हट्ट करतो."

पहिले दोन दिवस बरे गेले. माघातली थंडी होती. तिसऱ्या रात्री धनसुखभाई दचकून जागे झाले, तर ओठावर पाणी. पाइपात गुळगुळ वाजत होतं आणि एक थेंब मास्कमधून घरंगळून थेट तोंडात आला होता.

धनसुखभाई ताडकन उठून बसले. लग्न झाल्यापासून त्यांचा चौविहार होता. सूर्य मावळला की सकाळपर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तापात फणफणले तेव्हा नाही, रात्रीच्या गाडीत घसा सुकून लाकूड झाला तेव्हा नाही. आणि आज झोपेत पाणी पोटात! त्यांनी मोरीत जाऊन थुंकून थुंकून घसा दुखवून घेतला. भिंतीवरच्या बापुजींच्या फोटोकडे बघायची हिंमत होईना.

कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रात्री टाकीतलं पाणी गुपचूप ओतून दिलं आणि कोरडंच मशीन चालवलं. सकाळी नाकातून रक्त. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. मशीन सुरू करायचं, मास्क उशीशी ठेवायचा, आणि आपण कुशीवर वळायचं. मशीन बिचारं रात्रभर उशीला हवा घालत राहिलं.

अशाने बायको फसेल? तरुलताबेनने दिवा लावला.

"वा! मशीनही चालू आणि तुम्हीही चालू! त्या उशीला आजार झालाय का?"

धनसुखभाईंनी मास्क उशीखाली सरकवला. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा बांध फुटला. थेंब, चौविहार, मोरी, सगळं सांगितलं आणि लहान मुलासारखे रडले.

"महाराजसाहेबांना विचारायचं होतं की!"

"विचारलं आणि ते म्हणाले मशीन सोड, तर? मग पुन्हा घंघाळ, पुन्हा भोगीलाल. आणि म्हणाले व्रत सोड, तर? तरु, मी दोन्ही नाही सोडू शकत."

"आणि मी काय करू?" आता तरुलताबेन भडकली. "तुम्हाला काय वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला कळलं? लग्नापासून ऐकतेय. घोरणं थांबलं की मी पायाने ढोसते, तेव्हा तुम्ही पुन्हा श्वास घेता. इतकी वर्षं माझा एक पाय जागा आहे! ते मशीन आलं तेव्हा वाटलं, चला, आता माझा पाय झोपेल."

धनसुखभाई तिच्या पायाकडे बघत राहिले. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लाथा बसतात एवढं माहीत होतं, पण तो तिचा स्वभाव आहे अशी त्यांची समजूत होती.

सकाळी तिने दक्षाबेनना फोन लावला. पलीकडून आधी मोठा श्वास ऐकू आला.

"एवढ्यासाठी मशीन बंद? काकी, खोली गार, पाइपातली हवा उबदार, मग पाइपात दव धरणारच. ओलाव्याचा आकडा खाली आणा, डबा पलंगापेक्षा खाली ठेवा आणि पाइपाला एक खोळ शिवा. थेंब पडला तर मला बोला."

"आणि ओली हवा?" धनसुखभाई मागून ओरडले. "ती चालेल का?"

"पावसाळ्यात काय कोरडी घेता का, काका?"

यावर धनसुखभाईंनी बराच विचार केला. पावसाळ्यात सगळं वढवाण ओली हवा घेतं आणि कोणाचा चौविहार मोडत नाही. मुद्दा बिनतोड होता. तरुलताबेनने लग्नातली लाल बांधणी काढली, जरीपाशी विरलेली, तिला आतून फलालीनचं अस्तर लावलं आणि पाइपाच्या मापाची लांबच लांब खोळ शिवली. डबा उशाच्या स्टुलावरून जमिनीवर आला. त्या रात्री दोघंही थेंबाची वाट बघत जागी राहिली. थेंब आला नाही. वाट बघताबघता धनसुखभाईंना झोप लागली.

सवय काही एका रात्रीत झाली नाही. कधी मास्क सरके आणि डोळ्यात वारा जाई. गालावर पट्ट्यांचे वळ उमटत, गिऱ्हाइकं विचारत, "बेनने मारलं की काय?" कधी वैतागून ते मास्क भिरकावून देत, आणि तरुलताबेन एक शब्द न बोलता तो त्यांच्या हातात देई. पण होळी झाली आणि एका सकाळी धनसुखभाई उठले तर डोकं हलकं. दुखत नव्हतं. रोज सकाळी डोकं दुखतं तसं सगळ्यांचंच दुखत असेल, असं ते धरून चालले होते! शेजारी तरुलताबेन गाढ झोपली होती, दोन्ही पाय पोटाशी घेऊन. उन्हं खिडकीतून आत आली तरी उठली नाही. त्यांनी तिला उठवलं नाही. स्वतः चहा केला, बिघडवला, आणि आनंदाने प्यायले.

दुकानातलं घंघाळ गप्प झालं. दोन-चार दिवस वाट बघून शिंपी रस्ता ओलांडून आला, सगळं ठीक आहे ना बघायला.

भाद्रपद आला. चातुर्मासाला त्या वर्षी नवे महाराजसाहेब होते. धनसुखभाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. "साहेबजी, संवत्सरीला अजितशांतीचा आदेश द्याल?"

भोगीलालभाई तिथेच होते. "साहेबजी, हे झोपतात. संघाचा अनुभव आहे."

धनसुखभाई म्हणाले, "झोपायचो. खरं आहे."

महाराजसाहेबांनी दोघांकडे पाहिलं. "मग धनसुखभाईंनी म्हणावं आणि भोगीलालभाईंनी शेजारी बसावं. जिथे थांबतील तिथून तुम्ही उचला."

अजून काय हवं होतं? सगळ्या बाजारात चर्चा झाली की यंदा भोगीलालभाई टपून बसणार.

संवत्सरीला उपाश्रय गच्च भरला. उपवासाने सुकलेले चेहरे, उकाडा, दिवे नाहीत, पंखे नाहीत. दोन तास झाले आणि एकेकाच्या माना डुलू लागल्या. अजितशांती आली. धनसुखभाईंनी पांढरी कापडी मुहपत्ती तोंडाशी धरली आणि सुरुवात केली. आवाज आधी जरा कापला, मग लागला. पहिली चाल गेली, दुसरी गेली. तीन वर्षांपूर्वीचं ते कडवं जवळ येऊ लागलं तशी त्यांनी मुहपत्तीवरची पकड घट्ट केली. कडवं आलं. आणि नेमकं तेव्हाच उपाश्रयात घोरणं ऐकू आलं.

भिंतीपलीकडे बायकांत खसखस पिकली. "सुरू झाले!" असं कोणीतरी बोललंसुद्धा. पण पाठोपाठ खसखस थांबली, कारण अजितशांती चालूच होती. स्वच्छ, एका सुरात. एकच माणूस गाईल आणि घोरेलही, हे कसं व्हावं?

भोगीलालभाई झोपले होते. हनुवटी छातीवर, लोकरीच्या गोंड्याचा चरवळा मांडीवरून घसरलेला.

आता पुरुषांतही हशा फुटू लागला. धनसुखभाईंनाही गालातल्या गालात हसू आलं. नाही म्हणू नये, तीन वर्षांचं उट्टं होतं ते. आणि घोरणं बंद झालं. बाकीच्यांना वाटलं, सुटलो. धनसुखभाईंचं हसू मात्र तिथेच विरलं. ते म्हणत होते, पण कान शेजारी होते. श्वास नाही. पुढची ओळ. श्वास नाही. आपल्या शेजारी अशीच निजून कोणीतरी इतकी वर्षं काय ऐकत आलं, ते त्यांना त्या एका कडव्यात कळलं. त्यांनी ओळ न तोडता गुडघा उचलला आणि भोगीलालभाईंना सणसणीत ढोसलं. भोगीलालभाईंनी बुडता माणूस वर येतो तसा श्वास घेतला आणि डोळे उघडले. धनसुखभाई पुढची चाल म्हणू लागले. शेवटपर्यंत म्हटली.

प्रतिक्रमण संपलं तेव्हा अंधारून आलं होतं. अंगणात जो तो हात जोडून एकमेकांची क्षमा मागत मिच्छामी दुक्कडम म्हणत होता. भोगीलालभाई खाली मान घालून आले.

"मिच्छामी दुक्कडम, धनसुखभाई. तीन वर्षं हसलो तुम्हाला. आज तुम्हीही हसा."

"मिच्छामी दुक्कडम. मी हसलो, पण ते राहू दे. भोगीलालभाई, घोरताना तुम्ही मध्येच थांबता."

"थांबतो ना? मग तक्रार कसली?"

"श्वाससुद्धा थांबतो. माझा थांबायचा तसाच."

तरुलताबेन येऊन उभी राहिली होती. "भाई, रात्री असं झालं की घरी कोण ढोसतं तुम्हाला?"

भोगीलालभाई कधी नव्हे ते अडखळले. "कोण ढोसणार, बेन? ती गेल्यापासून मी एकटाच असतो खोलीत." मग म्हणाले, "ती असताना लाथा मारायची. मी तिच्यावर रागवायचो."

मग धनसुखभाईंनी त्यांचा दंड धरला. "पारणं झालं की राजकोटची बस. मी येतो बरोबर."

"पण ते पाणी? गावभर ऐकलंय मी, थेंब पडतो म्हणे. माझाही चौविहार आहे, धनसुखभाई."

"माझी बांधणी अजून अर्धी उरलीय," तरुलताबेन म्हणाली. "लाल आहे, लग्नातली. चालेल ना?"

"चालेल, बेन," भोगीलालभाई म्हणाले, आणि मुहपत्तीने डोळे पुसले.