अर्ध्या पट्टीच्या गोळ्या

प्रमिलाला घाणीची भारी किळस. मसाटच्या सूत कारखान्यात बावीस वर्षं काढली, पण तिथल्या संडासाची कडी तिने कधी उघड्या बोटांनी लावली नाही. बत्तीस बायकांत एक संडास, आणि तिथे जायचं तर सुपरवायझर ललितकडून लाकडी बिल्ला मागायचा. चार पुरुषांसमोर तो मागायचा म्हणजे अब्रूचा पंचनामाच. म्हणून बायका ड्युटीभर पाणीच पीत नसत. मग लघवीला आग, ओटीपोटात कळा.

यावर प्रमिलाचा तोडगा ठरलेला. औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणायची, दोन-तीन खाऊन आग थांबली की उरलेल्या पुढच्या बाईला द्यायच्या. वाया काही घालवायचं नाही, ही तिची शिरपूरकडची शिकवण. शेजारणीला विरजण द्यावं तशी पट्टी फिरायची, आणि बायका तिला दुवा द्यायच्या.

यंदा मात्र गोळ्या चालेनात. सात जणी आजारी पडल्या, दोघींना सलाईन लागलं. त्याच महिन्यात सुरंगी गावची जया नवी लागली होती, तीही आजारी. झालं, खापर तिच्यावर. रानातली पोर कुठली घाण घेऊन आली कोण जाणे, असं पहिल्यांदा म्हणाली ती प्रमिलाच. जेवताना बायका डबे उचलून लांब सरकल्या. ललितने महिनाअखेर तिला काढायचं ठरवलं. एका पोरीच्या दुखण्याची अशी चव्हाट्यावर चर्चा करताना त्या माणसाला लाज नव्हती, आणि खरं सांगायचं तर बायकांनाही नव्हती. ओकारी यावी असा सगळा प्रकार.

सिल्वासाच्या दवाखान्यात डॉक्टर अंजली अशा दुखण्याच्या जंतूंचा अभ्यास करत होत्या. त्यांनी आठही जणींची लघवी तपासली आणि थोरली म्हणून प्रमिलाला बोलावून गोळ्यांचंही विचारून घेतलं. जंतूंचीही कुळं असतात, त्यांनी समजावलं. एकीचं दुसरीला लागलं असतं तर सगळ्यांचं कूळ एकच निघालं असतं. इथे प्रत्येकीचं निराळं होतं.

"पण बाकी सातही जणींचे जंतू तुमच्या त्या गोळीला भीक घालत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धवट गोळ्यांनी कच्चे मेले, चिवट उरले आणि वाढले. एकट्या जयाचा जंतू साध्या गोळीने मरतो."

प्रमिलाला स्वतःचीच शिसारी आली. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. दोन दिवस ती गप्प बसलीही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांसमोर ललितला गाठलं. "साहेब, जयाची काही गलती नाही. अर्धवट गोळ्या मी वाटल्या, त्यानेच दुखणं चिवट झालं. काढायचं तर मला काढा."

ललित चिडला, बडबडला, पण कामाला हात कमी होते. त्याने दोघींनाही ठेवलं. बायकांनी माना खाली घालून जयाला जागा करून दिली. प्रमिलाने भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली.

जयाने तिचा हात मागे सारला. "नको मावशी. तुम्ही बोललात, नोकरी राहिली, ते बरं झालं," ती म्हणाली. "पण तुमच्या हातचं आता मला जाणार नाही."