मांडीवरचं रान

"टाकू नका, भाऊ. रानात लागंल."

आष्ट्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात काकी आल्या की गोळ्यांची रिकामी पाकिटं, खोक्यातलं फुगेवालं प्लॅस्टिक, सगळं पिशवीत भरायच्या. पाखरं हाकलायला नेत असतील, असं मला वाटे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

एकदा औषध पोचवायला त्यांच्या घरी गेलो. काकांची नजर साखरेच्या आजारानं पूर्ण गेलेली. ओसरीवर बसलेल्या काकांच्या मांडीवर वाकळ होती आणि जुन्या लुगड्यांच्या त्या वाकळेवर काकींनी अख्खं शेत शिवलं होतं. ठिबकच्या बारीक नळ्या म्हणजे उसाच्या सऱ्या, फुगेवालं प्लॅस्टिक म्हणजे विहीर, गोळ्यांची पाकिटं म्हणजे गोठ्याचे पत्रे. काका बोटांनी बांधाबांधानं फिरत होते. मला त्या दोघांचा हेवा वाटला.

काकी खोटं शिवत नसत. पीक बदललं की टाके उसवायच्या. ऊस गेला की नळ्या निघत, सोयाबीन पेरलं की शर्टाची बटणं येत. एकदा राहून गेलं, तर काका चिडले, "अगं, ऊस तुटून महिना झाला, आन् मला अजून सऱ्याच लागत्यात!"

सांगलीच्या एका कलाशिक्षिकेनं प्रदर्शनासाठी वाकळ मागितली. मीही भरीला घातलं. काकी म्हणाल्या, "आवं, आठ दिस ह्यांनी रान कुठं बघायचं?" विषय संपला.

मग शेताकडेचा रस्ता रुंद झाला. उत्तरेची पट्टी गेली, तिच्यावरचा आंबाही गेला. वाकळेत तो खताच्या पोत्याच्या दशांचा होता. काकींनी कात्री घेतली आणि ठेवली. "त्यांच्या बाच्या हातचा आंबा, भाऊ. न्हाई जमत. तुमीबी ह्यांच्यापाशी बोलू नका." वाकळ पहिल्यांदाच खोटी राहिली. दुकानात आल्या की त्या तेच बोलत बसायच्या.

या हिवाळ्यात काकी गेल्या. तेराव्यानंतर भेटायला गेलो, तर काकांची बोटं उत्तरेच्या काठावर होती.

"भाऊ, कात्री आण. ह्यो काठ काढ."

मी उठलो नाही.

"गाड्यांचा आवाज पार जवळ आलाय. मला कळत न्हाई व्हय? तिला लय जड जात हुतं, म्हणून तिच्यासमोर रोज आंब्यावरनं हात फिरवायचो."

मी कात्री आणली.

"आंबा कापू नगंस. तिच्यावानी उसव."

काकींनी टाके फार दाट घातले होते. दुपारभर आम्ही दोघं बसलो. मी टाका तोडायचो, काका दोरा ओढायचे.