बनियनच्या आतला खिसा

प्रयोगशाळेत तिला सगळे चुंबकताई म्हणत. काम तसं धुण्याचंच, फक्त धुवायची ती लोखंडाची काळी पूड. इतकी बारीक, की पाण्यात टाकली तर तळाशी बसायचं नाव घेत नाही आणि साध्या गाळणीतून सरळ पसार होते. ताई बाटलीच्या अंगाला चुंबक टेकवून उभी राही. हळूहळू सगळं काळं त्या बाजूला गोळा होई, मग नितळ पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं. चुंबक काढून बाटली हलवली की पूड पुन्हा मोकळी. नवे विद्यार्थी घाई करत आणि अर्धा माल मोरीत घालवत. "अरे, त्यांना यायला वेळ तर द्या," ताई ओरडायची.

ही पूड कशासाठी, ते प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला एकदा समजावलं होतं. कण इतके लहान, की चुंबक दूर होताच चुंबकपण विसरतात, एकमेकांना चिकटत नाहीत. त्यामुळे रक्तात सोडता येतील. कॅन्सरच्या गाठीपाशी जमवायचे, बाहेरून सारखं उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र द्यायचं, की कण तापतात आणि गाठ आतल्या आत भाजून निघते. "पण अजून उंदरांवरच चाललंय हं," मॅडम म्हणाल्या होत्या. हे शेवटचं वाक्य ताईने ऐकलं, पण घरी नेलं नाही.

घरी धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, शिवणकामाला घातलं, आणि दोघांनीही लग्नाचा विषय टाळता टाळता केस पिकवले. त्याच्या यकृतात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर काढून टाकू. शिंपी असूनही कापायचं म्हटल्यावर त्याचं धाबं दणाणलं.

"कात्रीचं मला सांगू नकोस, ताई. एकदा चुकीचं कापलं की कापड वाया."

त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. दुसऱ्या दिवशी तिने टाकाऊ पुडीची बंद कुपी आणि कड उडालेलं एक जुनं चुंबक घरी आणलं. त्याने चुंबक काचेवरून फिरवलं, आणि आतलं काळं पाणी मागोमाग धावत सुटलं. कित्येक दिवसांनी तो हसला.

"आमच्याकडे औषध होतंय. न कापता," ताई बोलून गेली.

"मग थांबतो की मी! चुंबक राहू दे माझ्याकडे."

उद्या खरं सांगू, असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी तो पोटभर जेवला, मशीन पुन्हा खडखडायला लागलं, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी सुरू झाली. ते सगळं आपल्या तोंडाने बंद पाडायचं? तिची जीभच उचलेना. डॉक्टरांकडून निरोप आले की तो म्हणायचा, "ताईचं औषध येतंय." ती भांडी घासत राहायची. बाईने उभा जन्म चुंबक टेकवून वाट बघण्यात घालवला होता, आणि वाट बघू नये तिथेच ती बघत बसली.

त्याचे डोळे पिवळे पडले तेव्हा कुठे ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथलं तपासणीचं यंत्र म्हणजे एक मोठं चुंबकच. दारावरच्या माणसाने विचारलं, "अंगावर काही लोखंड?" भावाने ओशाळून शर्ट काढला, बनियन उलटं केलं. उजव्या बरगडीखाली, नेमकं गाठीवर, आतून एक छोटा खिसा शिवलेला होता. बारीक, देखणे टाके. खिशात ते कड उडालेलं चुंबक.

"हे घेऊन आत गेला असतात म्हणजे!" तो माणूस खेकसला.

"औषध आलं की वाट चुकू नये म्हणून," भाऊ ताईला हळूच म्हणाला.

गाठ पसरली होती. डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही.

घरी आल्यावर ती त्याच्या पायाशी बसली आणि रडत रडत सगळं बोलली. औषध नाही. कधी होईल कोणालाच माहीत नाही. अजून उंदरांवरच चाललंय, आणि हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"उंदरांना तरी बरं वाटतं का गं?"

"काहींना," ताई म्हणाली.

"असू दे." त्याने खिशातून चुंबक काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे परत ने मग. तिकडे लागेल."

तो गेल्यावर तिने ते परत नेलं. अजूनही पूड धुताना ती तेच घेते. बाटलीच्या उजव्या अंगाला टेकवते. काळं गोळा होतं, पाणी नितळ होतं, आणि विद्यार्थ्यांना आता तिलाच सांगावं लागतं, "ताई, झालं. काढा."