मान खाली घालून बघायचा कॅमेरा

अमानवीय अनुभव मी तुमच्यासारखेच वाचते – चहाबरोबर, चवीने – आणि कप विसळेपर्यंत विसरूनही जाते. माझं माहेर मालवणकडचं. तिथे प्रत्येक वळणावर एक देवचार असतो म्हणतात, पण मला जन्मात कधी काही दिसलं नाही की भासलं नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून 'म्हातारीला भास झाले' म्हणायचं तर खुशाल म्हणा... मी पण बरेच दिवस तेच म्हणत होते.

मी बोरिवली पूर्वेला राहते, चौथ्या मजल्यावर. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सून स्नेहल. मुलगा बोटीवर असतो, वर्षातून एकदा सुट्टीवर येतो. हे गेल्यावर स्नेहल नसती ना, तर मी भिंतींशी बोलत बसले असते. ती अंधेरीच्या ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधीपासून आमच्या गप्पा सुरू. हे मुद्दाम सांगतेय, कारण जे गेलं ते हेच गेलं.

जुन्या कॅमेऱ्यांचा नाद मला उतारवयात लागला. रोलवाले, स्वस्तातले, कुणीतरी टाकून दिलेले. शिकवलं कुणी नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचं. दोन बिघडलेल्यांचा मिळून एक चालता करायचा. शोकेसमधले काचेचे सेट माळ्यावर गेले आणि तिथे कॅमेरे बसले. स्नेहल म्हणायची, "आई, उद्या त्यांना गादी द्या, आपण दोघी लादीवर झोपू!"

तर हा कॅमेरा मला जोगेश्वरीला भंगारवाल्याकडे मिळाला, फुटक्या मिक्सरच्या ढिगात. "बंद है मावशी," तो म्हणाला. म्हटलं, "अरे, माझ्याकडे सगळे बंदच येतात."

हा दोन डोळ्यांचा कॅमेरा, एकावर एक दोन भिंगं. फोटो निघतो खालच्यातून. वरचं भिंग फक्त आपल्याला बघायला. छातीशी धरायचा, डोक्यावरची झडप उघडायची आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं. त्यात समोरचं सगळं दिसतं, फक्त उजवं-डावं उलट.

साफसूफ केला, तेल दिलं, रोल भरला आणि एका रविवारी आम्ही दोघी मनोरीला गेलो. मार्वेच्या जेट्टीवरून फेरी, पलीकडे उतरून किनाऱ्यावर. वाळूत सुकत घातलेले बोंबील, मागे होड्या, चार-पाच बायका मासळी उलटीपालटी करतायत. स्नेहलला त्यांच्या पुढे उभं केलं.

"लवकर काढा हो आई, दात सुकले माझे हसून हसून!"

मी मान खाली घातली.

काचेत स्नेहल होती. तोच ड्रेस, तेच हसू... पण डोळे! माझ्या घरात शिरलेल्या चोराकडे मी जशी बघेन, तशी ती माझ्याकडे बघत होती. राग नाही म्हणणार मी त्याला. राग येतो आणि जातो. हे मुरलेलं होतं. मी वर बघितलं. स्नेहल हसतेय, केस सावरतेय, डोळ्यांत नेहमीची मस्ती. पुन्हा खाली बघितलं, तर पुन्हा तेच. आणि आता तिच्या मागच्या त्या बायका, होडीतला माणूस, सगळे हातातलं काम टाकून माझ्याकडे वळलेले. तसेच बघत. वर बघावं तर कुणाचंच माझ्याकडे लक्ष नाही. बायका वाकून मासळी परततायत.

आणखी एक. होड्या काचेत उलट बाजूला गेल्या होत्या, जायलाच हव्यात. पण स्नेहलच्या नाकातली चमकी नुसत्या डोळ्यांना जिकडे दिसत होती, काचेतही तिकडेच. किनारा उलटा, समुद्र उलटा, माणसं मात्र सरळ.

तरी बटण दाबलं. म्हटलं, "झकास येणार बघ!" तिला काही कळू दिलं नाही. परतीच्या फेरीत भेळ खाल्ली, हसले, बोलले.

फोटो धुऊन आले ते साधे. सगळी हसरी. मग मला चेव चढला. म्हटलं, बिघाड वरच्या अर्ध्यात आहे, काढते शोधून. वरचं भिंग काढून दुसऱ्या कॅमेऱ्याचं बसवलं. आमच्या शेजारची कुंदा मेथी निवडत दारात बसली होती, तिच्यावर धरला.

"काय गं मालू, मान काय खाली घालतेस? नवरी दिसतेस नवरी!" ती खिदळली.

काचेतली कुंदा खिदळत नव्हती. काचेतल्या कुंदाला मी मेलेली हवी होते.

आतला आरसा बदलला. काच बदलली. तरी तेच. ह्यांच्या भिंतीवरच्या फोटोवर धरून बघितला. तिथे काही नाही, फोटो तो फोटोच. त्याला जिवंत माणूस लागत होतं. आता त्या वरच्या अर्ध्यात जुनं असं काही राहिलंच नव्हतं, नुसता डबा. मग बिघाड उरला कुणात? बघणाऱ्यात! माझ्या डोळ्यांत, नाहीतर डोक्यात. खरं सांगते, मला बरंच वाटलं. डोक्याला डॉक्टर असतो.

पुढे एका रविवारी दुपारी स्नेहलने तो शोकेसमधून उचलला. "आई, कधीतरी आमच्या पण हातात द्या की. तुमचा एक धड फोटो नाही घरात."

नको म्हणणार होते. पण म्हटलं, बघू दे. दोष माझ्या डोक्यात असेल तर हिला साधी मीच दिसेन. सोक्षमोक्ष लागेल. खिडकीशी बसले, पदर नीट केला आणि हसले. मनापासून हसले हो, देवाशपथ. त्या पोरीवर माझा जीव आहे.

"हां, थोडं डावीकडे... नाही, उलटं दिसतं ना यात... तुम्ही मात्र बरोबर दिसताय, आई, असं कसं..."

ती थांबली. मान वर करून माझ्याकडे बघितलं. खाली बघितलं. पुन्हा वर. ते वर-खाली मला चांगलं ओळखीचं होतं.

"काय दिसलं गं?"

"काही नाही." तिने कॅमेरा टीपॉयवर ठेवला, माझ्या हातात नाही दिला. मग विचारलं, "आई, तुम्ही हसतच होतात ना?"

"हो गं बाई! सांग ना काय दिसलं!"

ती बेडरूमच्या दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "तेच. जे तुम्हाला मनोरीला माझ्यात दिसलं."

मनोरीचं मी तिला सांगितलं नव्हतं. कुंदाला नाही, मुलाला फोनवर नाही, कुणालाच नाही. आज पहिल्यांदा इथे लिहितेय. विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून कडी लागली. आमच्या घरात त्या दाराला कडी आहे, हेच मी विसरले होते.

कॅमेऱ्याचे मी स्क्रूनस्क्रू सुटे केले. आत काही नव्हतं. कुणाला द्यायची हिंमत नाही, फेकायचीही नाही. कुणीतरी उचलेल आणि आपल्या माणसावर धरेल. डब्यात भरून माळ्यावर ठेवलाय, काचेच्या सेटमागे. काय होतं ते, अजून मला सांगता येत नाही. खोटं दाखवत होता म्हणावं तर दोघींना एकच खोटं कसं? आणि खरं म्हणावं... तर मी हसत होते हो.

स्नेहल अजून सकाळी चहा आणून देते, हसते. मी पण हसते. कप घेताना मात्र हल्ली मी मान खाली घालत नाही, आणि तीही नाही. दोघी एकमेकींवर डोळे लावून उभ्या असतो, चहा निवेपर्यंत.