वापरलेल्या सीड्या

आमच्या घरात डूख धरणारी मी एकटीच. पप्पा कितीही रागावले तरी ताट समोर येईपर्यंत विसरायचे, आणि आईला तर रागावणं जमतच नाही. माझ्याकडे आलेली गोष्ट मात्र लोणच्यासारखी मुरते. काकांची गोष्ट अशीच मुरली आहे.

हेंद्रेपाड्यात आमचं घर तळमजल्यावर. नदी फुगली की पाणी थेट आत. त्यात टीव्ही गेला, गाद्या गेल्या, माझे शाळेचे दाखले गेले. म्हणून पप्पांनी आपल्या सीड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि अंबरनाथला धाकट्या भावाकडे नेऊन दिल्या. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. "सांभाळून ठेव रे," एवढंच पप्पा म्हणाले होते. मी सोबत होते. काकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला होता.

पप्पा कारखान्यात फिटर होते आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत गायचे. वस्तीतला एक लग्नांचं शूटिंग करणारा पोरगा त्यांचे कार्यक्रम प्रेमाने शूट करून सीडीवर उतरवून द्यायचा. पप्पा प्रत्येक सीडीवर काळ्या मार्करने गावाचं नाव लिहायचे. त्यांचं अक्षर फार वाईट होतं.

मग पप्पा गेले. फोन धुंडाळला तेव्हा कळलं की त्यांचे फोटो भरपूर आहेत, पण आवाज कुठेच नाही. ते व्हॉइस मेसेजला हसायचे. वर्षाचं पुण्यानुमोदन जवळ आलं तेव्हा आई म्हणाली, "त्या दिवशी त्यांचं एक तरी गाणं लागू दे. माझ्या कानातून आता त्यांचा आवाज जायला लागलाय गं." मी दुसऱ्याच दिवशी अंबरनाथला गेले.

काकांच्या गॅलरीत दोऱ्यांना सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. एकीवर काळ्या मार्करचं ते वाईट अक्षर दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, कबुतरं किती घाण करतात," काकी म्हणाल्या. "ह्या चमकतात ना, मग येत नाहीत."

मी काकांकडे पाहिलं. ते चहा बशीत ओतत होते. "फेकल्या थोड्याच?" ते म्हणाले. "वापरल्या. आता सीडी बघतंय कोण?"

वापरल्या. हा शब्द मी तिथल्या तिथे उचलला आणि नीट ठेवून दिला. भांडले नाही. एकेक दोरा सोडवत गेले. कबुतरं समोरच्या गॅलरीत बसून बघत होती. शेवटची सीडी स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीखाली सापडली, पार चिकट झालेली. मी हात पुढे केला तर काकी म्हणाल्या, "थांब, अशी कशी देऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ती भांड्यांच्या साबणाने, तारेच्या घासणीने घासून चकाचक करून दिली. त्यांच्या मनात काही नव्हतं. म्हणून त्यांना मी सोडलं. काकांना नाही.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जुन्या प्लेअरची दुकानं आता शोधावी लागतात. एका सिंधी शेठने माझ्या सीड्या एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरल्या. काहींतून उजेडाचे ठिपके आरपार दिसत होते, काहींचा रंग पार उडाला होता. "मॅडम, धूप खा गई. इनको जाने दो," तो म्हणाला. तेलाच्या बाटलीखालची मात्र ओरखड्यांनी भरलेली असली तरी अंधारात राहिली होती. शेठने मला एक जुना प्लेअर विकला, सोबत लॅपटॉपला लावायचा ड्राइव्हही गळ्यात मारला, आणि वर सल्ला दिला, "टूथपेस्ट लगाके घुमाओ, मस्त हो जाएगा."

मी तो सल्ला आधी माझ्या लग्नाच्या सीडीवर आजमावला. पांढरी पेस्ट लावून गोल गोल घासली. त्याआधी निदान हळदीपर्यंत चालायची, त्यानंतर मशीनने ती ओळखलीच नाही. मग नेटवर वाचत बसले तेव्हा समजलं. सीडीवर सगळं गोल रेघेत लिहिलेलं असतं. ओरखडा आडवा असेल तर मशीन उडी मारून पुढे जातं. रेघेच्या बरोबरीने धावणारा ओरखडा मात्र आख्खी ओळ खाऊन टाकतो. म्हणून पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेपर्यंत, सरळ. लग्नाचं फार वाईट वाटलं नाही.

पप्पांच्या सीडीला मी चष्म्याचं फडकं घेतलं. मधून कडेला, मधून कडेला. प्रत्येक हाताबरोबर काकांना एक शिवी. शिव्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसमधून आले की हेच काम. लॅपटॉप ती सीडी घ्यायचा, घरघरायचा, थुंकून बाहेर टाकायचा. मी पुसायचे, पुन्हा घालायचे. सीडीवरची अडलेली जागा पुन्हापुन्हा वाचणारं एक सॉफ्टवेअर मिळालं. जे लॅपटॉपने सोडलं त्यातलं काही शेठच्या प्लेअरने उचललं. तुकडा तुकडा जोडत गेले. आणि एका रविवारी दुपारी, चित्राचे चौकोन फुटत असताना, पप्पांनी माइकवर फुंकर मारली आणि म्हणाले, "आवाज येतोय का मागं?"

आई भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "येतोय, येतोय." मग तिला कळलं आपण कुणाला उत्तर दिलं ते. तवा तसाच ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली आणि आम्ही दोघी खूप रडलो.

पुण्यानुमोदनाला वंदना झाल्यावर मी विहारातल्या टीव्हीवर ते लावलं. एक आख्खं गाणं आणि दुसऱ्याचं अर्धं, एवढंच वाचलं होतं. पप्पांच्या मागे ढोलकीवर काका होते, मिशा अजून काळ्याभोर. गाणं सुरू करायच्या आधी पप्पा मागे वळून म्हणाले, "हा माझा भाऊ. हा हात सोडतो तेव्हाच मी बेताल होतो." लोक हसले. विहारात बसलेले काका हसले नाहीत. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी त्यांच्याकडेच बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.

जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले. "बाळा, मला पाठव ना ते मोबाइलवर. दादाचा आवाज... माझ्याकडं काहीच नाही."

मी ते कुणालाच पाठवलं नव्हतं. एकाला पाठवलं की संध्याकाळपर्यंत काकांच्या फोनवर पोचणार, हे मला माहीत होतं. एक प्रत माझ्याकडे, एक आईच्या फोनमध्ये, आणि आईकडून शब्द घेतलेला. मी पर्समधून तीच तेलाच्या बाटलीखालची सीडी काढली आणि काकांच्या हातात दिली.

"घ्या काका," मी म्हणाले. "वापरा."

त्यांना कळलं. त्यांनी सीडी घेतली, परत दोन्ही हातांनी, आणि चपला घालायला गेले. आई परतताना रिक्षात म्हणाली, "असं करू नये गं." मी म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं. ती म्हणाली, "माझंही जळलंच की." तिचं खरं होतं, पण माझा राग काही खऱ्याखोट्यावर अडून बसलेला नव्हता.

परवा काकींचा फोन आला. काकांनी कॅम्प दोनमधून प्लेअर आणलाय. सीडी पहिल्या दिवशी थोडीफार चालली, आता सारखी अडकते. "रोज सकाळी पुसत बसतात गं," काकी म्हणाल्या. "नवीन मऊ रुमाल आणलाय त्यासाठी. किती जपून, गोल गोल पुसतात. तुला यातलं कळतं ना? काही चुकतंय का त्यांचं?"

"नाही काकी," मी म्हणाले. "बरोबर करताहेत."