करारातलं इंदूचं वाक्य

हे मी आमच्या यजमानांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले, तोवर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. सांगायला माणूस उरलं नाही, एवढंच असेल.

चिंचवडला आमचं हातमोजे शिवायचं काम होतं. कारखान्यातले कामगार घालतात ते, जाड कापडाचे. लोक म्हणतात, कुमुदताईंनी उभं केलं. मीही तसंच म्हणू देते. पण काम मुळात इंदूच्या डोक्यातलं. इंदू आमच्या मागच्या चाळीत राहायची, बीडकडची. तिच्या नवऱ्याची उजव्या हाताची बोटं कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली आणि घरात एकदम अंधार झाला. तेव्हा तिनं शिलाईचं काम हाती घेतलं. माझे यजमान कारखान्याच्या ऑफिसात, त्यामुळे ऑर्डर आणणं माझ्याकडे. दोघींनी भागीदारी करायची ठरली.

पुण्याला वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, भागीदारीचा उद्देश काय लिहू? मी काही बोलायच्या आत इंदूच म्हणाली, "लिव्हा साहेब — ज्या घरातल्या माणसाला कारखान्यात इजा झाली, त्या घरातल्या बाईला पहिलं काम. आन् दोघींच्या इचाराशिवाय कुणाला काढायचं न्हाई."

वकील हसले, पण त्यांनी लिहून घेतलं. मी मान डोलावली. मनापासून डोलावली का? त्या दिवशी — हो, बहुतेक.

पण परतताना माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. आकुर्डी, भोसरी, जिकडे बघावं तिकडे नवीन शेड उभ्या राहत होत्या. उद्या मोठी ऑर्डर आली तर? या इजा झालेल्या घरांतल्या चार बायकांना घेऊन मी कुठवर जाणार? पुढच्या आठवड्यात मी एकटीच वकिलांकडे गेले आणि ते वाक्य काढायला सांगितलं. नुसतं ‘हातमोजे तयार करणे व विकणे’ एवढं ठेवा म्हटलं. त्यांनी विचारलं, "दोघींची संमती आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक शब्द.

सहीच्या दिवशी इंदूनं कागद हातात घेतला. तिला वाचता यायचं, पण अक्षर लावत लावत. वकिलांची घाई चाललेली. तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "वहिनी, आपलं ते वाक्य हाय ना यात?"

"आहे गं. कर सही."

तिनं केली. बाहेर पडल्यावर पेढे घेतले तिनं — आणि चाळीत जाऊन बायकांना सांगितलं, आता आपलं काम कुणी काढून घेणार नाही, कागदावर लिहिलंय.

चांगली दोन-तीन वर्षं चाललं. मग चामड्याच्या हातमोज्यांची मोठी ऑर्डर आली. एक ठेकेदार जड मशीन आणि आपले शिलाई कारागीर, सगळंच घेऊन यायला तयार होता. मी त्याला होकार देऊन टाकला आणि बायकांना सांगितलं, पहिल्या तारखेपासून येऊ नका.

इंदू धावत शेडमध्ये आली. आल्या आल्या म्हणाली, "असं कसं वहिनी? आपलं ठरलेलं हाय. लिवलेलं हाय."

सगळ्या बायका उभ्या होत्या. मी थांबू शकले असते. बाजूला नेऊन तिला काही सांगू शकले असते. पण मी कपाटातून करार काढला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "कुठे लिहिलंय? दाखव."

ती बोट ठेवून वाचत राहिली. पानं उलटली, परत उलटली. मी उभी होते — माझा चेहरा जरासुद्धा हलला नाही, हे मला आजही आठवतं. शेवंता नावाची एक विधवा बाई होती, ती म्हणाली, "इंदे, तू तर म्हणली व्हतीस कागदावर हाय म्हणून. खोटं बोललीस आमाला?"

इंदूनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं? मला वाटतं, कळलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "माझ्याच वाचण्यात कमी पडलं."

त्या महिन्यात तिनं भागीदारी सोडली. चाळीत बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या, नळावर तिची घागर मागे सारायच्या. ती घरची माणसं घेऊन तळेगावकडे निघून गेली. पुढे कुणाच्या तरी कँटीनमध्ये पोळ्या लाटते, असं ऐकलं. मी गेले नाही. पत्ता मिळाला असता. मी विचारला नाही. आणि आमच्या महिला मंडळाच्या समारंभात, बायकांना रोजगार देणारी म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा मी शाल-नारळ घेतला, वर चार शब्दही बोलले.

काही वर्षांनी शेवंता दारात आली. पोराचं शिक्षण अडलं होतं, काहीही काम द्या म्हणाली. बसली आणि इंदूला शिव्या घालायला लागली — तिनं आमाला फसवलं, तिच्या नादानं आमी तुमच्यावर राग धरला.

मी तिला चहा दिला. आणि म्हटलं, "जाऊ दे शेवंता. झालं गेलं. मी नाही मनात ठेवलं इंदूबद्दल काही."

शेवंतानं माझे पाय धरले. मी धरू दिले.